सहा दिवसांचा श्वास

खोटं बोलायचंच तर माणसाने एकदा काय ते बोलावं आणि मोकळं व्हावं. रोज सकाळी त्याच खुर्चीसमोर उभं राहून, हातात चहाचा कप घेऊन, तेच खोटं पुन्हा बोलायचं ही काय माणसाने करायची गोष्ट आहे? पण सूनबाई ते करत होती. किती तरी आठवडे करत होती.

सासरे खिडकीशी बसलेले असायचे. नाकात ऑक्सिजनची नळी, गुडघ्यांवर शाल. नजर एवढी अधू झालेली की समोर कुणी उभं आहे हे दिसे, त्याचं तोंड कसं झालंय ते दिसत नसे. हे सूनबाईच्या पथ्यावरच पडलं होतं. कप हातात आला की पहिल्या घोटाआधी ते विचारायचे, "काय सूनबाई, श्वास घेतोय का?"

"डेटा अजून आलाच नाही, सर."

"अजून नाही? झोपा काढतायत की काय लेकाचे!"

"येईल एवढ्यात."

आणि डेटा तर कधीचा येऊन पडला होता. तिच्या कंप्यूटरवर होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या छातीवर होता.

श्वास म्हणजे सासऱ्यांचा नव्हे हं, एका ताऱ्याचा. हे आधी नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. काही तारे भलतेच दांडगे असतात, आपले चाळीस सूर्य एकत्र मळावेत असे. त्यांचा प्रकाश इतका जोरकस की तो ताऱ्याच्याच अंगावरचा वायू बाहेर ढकलून लावतो. त्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन-अडीच हजार किलोमीटर. हा वारा नीट दिसतो तो अतिनील प्रकाशात, आणि अतिनील प्रकाश आपली हवा खाली येऊच देत नाही. म्हणून उपग्रह वर पाठवायचा, त्याच्या दुर्बिणीने ताऱ्याचा प्रकाश धरायचा आणि तो उलगडून त्याचा वर्णपट काढायचा. वाऱ्यातला कार्बन त्या वर्णपटात एक खड्डा पाडतो. खड्ड्याची डावी कड जितकी लांब गेलेली, तितका वारा जोराचा. झालं, एवढंच आहे. बाकी सगळं गणित.

सासऱ्यांनी तरुणपणी दाखवून दिलं होतं की एका ताऱ्याच्या बाबतीत ही कड एका जागी राहत नाही. तीन दिवस डावीकडे जाते, तीन दिवस उजवीकडे येते. वारा वाढतो, वारा पडतो. तारा श्वास घेतो! जगभर नाव झालं. शाळेच्या पुस्तकात धडा आला. संस्थेला नवी इमारत मिळाली, तिच्या दारात त्या वर्णपटाची पितळी आकृती बसली, आणि ते सगळ्यांचे 'सर' झाले. पुढेमागे नाव लावायची गरज नाही, नुसतं सर म्हटलं की तेच.

सूनबाई आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सून. तेव्हाही सर म्हणायची, आताही सरच म्हणते. संस्थेतले लोक तिला आधी पाठीमागे सूनबाई म्हणायचे, मग हळूहळू तोंडावरच म्हणू लागले, आणि तिनेही ते अंगवळणी पाडून घेतलं. घरातून निघाली तर सूनबाई, संस्थेत पोचली तर सूनबाई. मध्ये बसच्या वीस मिनिटांत ती कोण असायची ते तिलाही सांगता आलं नसतं.

लग्नाची गोष्ट घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जायची. विद्यार्थिनी असताना ती एकदा सरांच्या खोलीत काहीतरी शंका घेऊन गेली. सर म्हणाले, प्रश्न छान आहे, रविवारी घरी जेवायलाच ये, सावकाश बोलू. जेवायला सरांचा मुलगा होता. पुढचं सांगायला नको. "शंका विचारायला आली आणि नवरा घेऊन गेली!" सर दरवेळी म्हणायचे आणि दरवेळी पाहुणे हसायचे. सांगून सांगून त्या गोष्टीतली शंका कधीच गळून पडली होती. नवरा तेवढा उरला होता, आणि तो चांगला होता, यात वाद नाही. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. बापाने आकाश बघितलं, मुलाने लोकांचे डोळे बघितले.

आता सरांचा तो उपग्रह केव्हाच बंद पडलेला. त्या ताऱ्याकडे सलग बारा दिवस पाहत बसायला नंतर कुणाला सवड झाली नाही. म्हणून सूनबाईने एका नव्या अवकाश दुर्बिणीकडे अर्ज केला, दोन श्वास पुरते मोजायला वेळ द्या म्हणून. वेळ मिळाला. सरांनी त्या दिवशी शेजारीपाजारी फोन करून सांगितलं. आणि बारा दिवसांचे वर्णपट आले, तिने ते एकावर एक ठेवले, आणि कड जिथल्या तिथे. केसभरसुद्धा हललेली नाही. वारा आपला वाहतोय एका वेगाने, दगडासारखा थंडपणे. श्वास वगैरे काही नाही.

आधी तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून तिने सरांच्या उपग्रहाचा मूळ, न धुतलेला डेटा तळघरातून काढून घेतला. इथे त्या संस्थेची एक पद्धत सांगायला हवी. ताऱ्यापासून आपल्यापर्यंत येताना प्रकाश वाटेतल्या पातळ वायूमधून येतो, आणि तो वायूही वर्णपटात आपल्या बारीक बारीक रेषा मारून ठेवतो. त्या ताऱ्याच्या नसतात, वाटेवरच्या असतात. संस्थेत त्यांना 'पाहुणे' म्हणत. नवीन विद्यार्थी आला की त्याला पहिलं काम मिळे ते पाहुणे काढायचं. त्या रेषा बुजवायच्या, खड्डा गुळगुळीत करायचा, आणि मगच मोजमाप. बाहेर जगाला दिला तोही पाहुणे काढलेलाच डेटा. सगळे असंच करत, कारण सरांनी असंच शिकवलं होतं.

मूळ डेटात पाहुणे होते. तिने ते दिवसांप्रमाणे एकाखाली एक मांडले. पाहुणे हलत होते. कड तीन दिवस डावीकडे, तर पाहुणेही तीन दिवस डावीकडे. कड उजवीकडे, पाहुणेही उजवीकडे, तेवढेच. अहो, वाटेतला वायू कशाला सरकेल? तो कित्येक प्रकाशवर्षं दूर अंधारात पडलेला, त्याला ताऱ्याच्या श्वासाचं काय! पाहुणे हलतायत म्हणजे अख्खा वर्णपटच सरकतोय, म्हणजे तारा हलत नाहीये, आपली मोजपट्टी हलतेय. त्या जुन्या दुर्बिणीची प्रकाश आत घ्यायची खिडकी रुंद होती. तारा खिडकीत डावीकडे बसला तर सगळा वर्णपट डावीकडे, उजवीकडे बसला तर उजवीकडे. पाहुणे न काढता कुणी एकदा जरी पाहिलं असतं तरी हे कळलं असतं. ती बराच वेळ त्या रेषांकडे पाहत राहिली. हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय असं तिला सारखं वाटत होतं, पण कुठे ते आठवेना.

बरं, गप्प बसावं तर तेही जमणार नव्हतं. अर्ज करणाऱ्याचा डेटा सहा महिने त्याचा एकट्याचा, मग तो सगळ्या जगाला खुला. त्या तारखेनंतर कुठल्याही देशातलं कुठलंही पोर तो उतरवून घेईल आणि एका दुपारीत कड मोजेल. मग लोक विचारणार, सहा महिने बाई काय करत होत्या? दिसलं नाही म्हणावं तर मूर्ख, दिसलं म्हणावं तर लबाड. वीस वर्षं घासून मिळवलेलं जे काही थोडंबहुत तिचं स्वतःचं नाव होतं, ते सासऱ्यांच्या नावाबरोबर एकाच खड्ड्यात जाणार. म्हणजे तारखेच्या आत तिनेच सांगायला हवं होतं. आणि सांगायचं कुणाबद्दल, तर ज्यांचा चहा रोज सकाळी आपण करतो त्यांच्याबद्दल.

तिने नवऱ्याला सांगितलं. दुकान बंद करायची वेळ होती, तो भिंगं पुसत बसला होता.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

"बाबांना सांगू नकोस."

"आणि पेपर?"

"लिही ना. छाप. पण जरा... नंतर."

"नंतर म्हणजे कधी रे?"

तो तेच भिंग पुन्हा पुसायला लागला. नंतर म्हणजे कधी ते दोघांनाही कळलं होतं आणि दोघांनाही तोंडातून काढायचं नव्हतं.

"त्यांच्याजवळ आता राहिलंय काय, तूच सांग," तो शेवटी म्हणाला. "डोळे गेले, आई गेली, जिना उतरता येत नाही. एवढा एक तारा आहे. तोही तूच काढून घेणार का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला! तिला नवऱ्याचा राग आला, पण तो चुकीचं काय बोलला तेही तिला सांगता येईना. आणि त्या दिवसापासून ती अडकित्त्यात सापडली. इकडून तारीख दाबतेय, तिकडून माणूस.

संस्थेत तिच्या समोरच्या टेबलावर मिशा बसायचा. मिशा म्हणजे एक सहकारी, मिशी एवढी भरघोस की नाव दुसरं पडूच शकलं नसतं. तोही रोज विचारायचा, "काय सूनबाई, आला का डेटा?"

"आलाय, पण कॅलिब्रेशन चाललंय, मोजपट्टी जुळवतेय."

"अजून? अहो, तोवर ताऱ्याला म्हातारपण येईल!"

म्हणजे घरी एक खोटं आणि इथे दुसरं. कुठे काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं हे आणखी एक काम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मिशाने एक दिवस मोठ्या प्रेमाने सांगितलं की सरांच्या नव्वदीनिमित्त संस्था मोठा समारंभ करणार आहे आणि त्यात नव्या दुर्बिणीने पाहिलेला श्वास सूनबाईच सादर करतील, किती छान ना? "छानच," ती म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

मग सर आजारी पडले. छातीत कफ झाला, ताप चढला, इस्पितळात न्यावं लागलं. तपासून झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वय झालंय, फुप्फुसं दमलीत, काही सांगता येत नाही.

"म्हणजे किती दिवस, डॉक्टर?" सूनबाईने विचारलं.

शब्दांत काही चूक नव्हती. कुणीही विचारतं. पण स्वर! गाडी किती वाजता सुटते असं विचारावं तसा तो स्वर तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. डोक्यात हिशेब झालासुद्धा होता, की हे आठ-दहा दिवसांत झालं तर तारखेच्या आत पेपर जाईल आणि कुणाचं मनही दुखणार नाही. नवरा शेजारीच उभा होता. त्याला काही कळलं नाही, त्याने उलट तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला त्या हाताचं ओझं झालं. आपण या माणसाच्या बापाच्या मरणाची वाट पाहतोय, तिने मनात म्हटलं, सरळ, स्वच्छ शब्दांत, आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की त्या दिवसापासून तिने इस्पितळ सोडलंच नाही.

तिने सरांची अशी सेवा केली की काय विचारता! पाठीला शेक, वाफ, औषधांच्या वेळा, चमच्याने सूप. खोकला आला की त्यांना उठवून बसवायचं, कफ पडेपर्यंत पाठ थोपटायची. ते म्हातारं फुप्फुस प्रत्येक वेळी शिटी वाजवत वर यायचं आणि खाली जायचं, आणि ती बसून ते बघायची. एका श्वासाला तिला वाटे, पुढचा येऊ दे. दुसऱ्या श्वासाला काय वाटे ते ती स्वतःलाही कळू देत नसे. आणि सर बरे झाले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. निघताना सिस्टरने तिचा हात हातात धरला. "बाई, पोटची लेकसुद्धा एवढं करत नाही हो. तुम्ही ओढून आणलंत त्यांना." सूनबाई तिथेच रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी तिने चहा नेला. सर सुकून अर्धे झाले होते. कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. पण प्रश्न तोच. "काय सूनबाई, श्वास घेतोय का?"

आणि तिच्या तोंडून रोजचं उत्तर निघेचना. नवरा दुकानात गेला होता. घरात दोघंच.

"नाही, सर," ती म्हणाली. "डेटा येऊन फार दिवस झाले. श्वास नाही. कड हलत नाही."

सरांनी कप ओठाशी नेला होता. तो तसाच राहिला. आता काय होतंय म्हणून ती घाबरून पुढे झाली, नळी नीट आहे का बघायला. त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"पाहुणे काढले होतेस?"

"नाही."

"जुन्या डेटातले पाहिलेस?"

"पाहिले."

"हलतात?"

"हलतात, सर. कडेबरोबर हलतात."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.

ती शेजारच्या स्टुलावर बसली. इतके आठवडे तिने मनात किती प्रकारे हा प्रसंग रंगवला होता. ते चिडतील, रडतील, छातीला हात लावतील. ते घोट घेतील असं काही तिने रंगवलं नव्हतं.

"पेपर छापून वर्ष झालं होतं," सर म्हणाले, हळूहळू, मध्ये दम खात. "उपग्रह चालवायला दोन जण होते. तीन-तीन दिवसांच्या पाळ्या. त्यातला एक निवृत्त झाला. निरोपाच्या चहाला सहज मला म्हणाला, साहेब, मी तारा नेहमी डावीकडून खिडकीत आणायचो, तो दुसरा गडी उजवीकडून आणतो, ज्याची त्याची सवय. माझ्या हातात असाच कप होता."

"मग?"

"मग काय, कप खाली ठेवला आणि त्याच्यावर चार चांगले शब्द बोललो. भाषण ठेवलं होतं ना माझं."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी भयंकर संताप आला. म्हणजे एवढ्या मोठ्या ताऱ्याचा सहा दिवसांचा श्वास म्हणजे दोन माणसांची ड्यूटी! आणि त्याच्या नावाने इमारत! आणि दारात पितळ!

"पाहुणे आधी काढायचे हा नियम कुणी केला, सर?"

"मीच. केला तेव्हा प्रामाणिकपणे केला होता." ते थांबले. "नंतर बदलला नाही."

"सांगायचं होतंत ना मग! एवढी वर्षं!"

"झाकली मूठ, सूनबाई. इमारतीचा पाया घातला होता, पन्नास माणसं कामाला लागली होती. मी म्हटलं, कुणी विचारलं तर सांगेन. खोटं बोलणार नाही. पण विचारायला कुणी येईना. पाहुणे कुणी बघायचेच नाहीत ना." त्यांनी कप तिच्या दिशेने धरला, तिने तो घेतला. "एकदाच कुणीतरी विचारलं."

"कुणी?"

त्यांनी आपले ते न दिसणारे डोळे तिच्याकडे वळवले. "आठवत नाही तुला? सर, पाहुणेपण हलतायत असं मला वाटतंय, मी काढायच्या आधी बघितलं. दारात उभी होतीस. हातात कागद होता."

सूनबाईला तो कागद आठवला. कागदावरच्या रेषा आठवल्या. एकाखाली एक दोनच वर्णपट, आणि त्यांत तिने पेन्सिलने मारलेली उभी रेघ. दार आठवलं, सरांचा चेहरा आठवला, क्षणभर पडलेला आणि मग एकदम गोड झालेला. प्रश्न छान आहे. रविवारी जेवायलाच ये.

"त्या रविवारी आपण त्यावर बोललोच नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"नाही."

"आणि सोमवारी तुम्ही मला प्रबंधासाठी दुसरा तारा दिलात."

"चांगला तारा होता तो."

"सर, तुम्ही मला... त्यासाठी घरात आणलंत?"

"मुलगा माझा चांगला आहे," ते घाईने म्हणाले. "त्यात काही फसवणूक नाही. तू आवडली होतीस आम्हाला, तुझ्या सासूलासुद्धा. पण हो. तेही मनात होतं. नाही कसं म्हणू? बाहेरचं माणूस आज ना उद्या पुन्हा विचारतं. घरचं माणूस घरचं झाकतं. आणि बघ, तू एवढे दिवस झाकलंसच ना?"

शिकवताना सर सांगायचे, वाऱ्यातला बाहेरचा वायू आतल्या वायूच्या सावलीत असतो, त्याला प्रकाश मिळत नाही. थोडा वेग वाढला की तो सावलीतून सुटतो, मग ताजा प्रकाश, मग आणखी वेग. वर्गात तिला हे इतकं आवडलं होतं की तिने घरी आईला समजावून सांगितलं होतं. हाच माणूस ते शिकवायचा. तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि समोर नळी लावलेला म्हातारा बसला होता, ज्याला तिनेच थोपटून थोपटून जगवलं होतं.

"मी पेपर पाठवतेय," ती उठत म्हणाली. "नंतर वगैरे नाही. आत्ता."

"पाठव," सर म्हणाले. "बोलू नकोस असं मी कधी म्हटलंय?"

आणि खरंच, कधीच म्हटलं नव्हतं! तीच तर गंमत होती.

नवऱ्याला तिने एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं का रे? त्या रविवारचं?"

"मला म्हणाले एक हुशार मुलगी येतेय जेवायला, शर्ट बदल," तो बावरून म्हणाला. "का गं?"

त्याचं तोंड पाहून तिला कळलं, याला खरंच काही ठाऊक नाही. याच्यावर चिडण्यातही अर्थ नव्हता. चिडायला म्हणून घरात एक माणूस नीट सापडेना.

पेपर दोन दिवसांत लिहून झाला. मनात तो कधीचा लिहिलेलाच होता. नाव लिहायच्या जागी तिने आपलं लग्नाआधीचं नाव लिहिलं, वडिलांचं आडनाव. दारात कागद घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीचं नाव. बोटांना ते टाइप करायची सवय राहिली नव्हती, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा तिला एवढं हलकं वाटलं की खिडकी उघडावीशी वाटली.

टाकलेला पेपर दुसऱ्याच दिवशी जगभर वाचायला मिळतो अशा संकेतस्थळावर तिने बटण दाबलं आणि पेपर परत आला. नाव खात्याशी जुळत नाही. डेटा घेतला तो सासरच्या नावाने, दुर्बिणीचा वेळ मिळाला त्या नावाने, खातं त्या नावाने. ही बाई कोण? तिने मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी फार सौजन्याने बोलली. पूर्वीच्या नावाचा पुरावा पाठवा मॅडम, तीन आठवड्यांत होऊन जाईल. तारखेला चार दिवस उरले होते. सूनबाईने फोन ठेवला. मग तिने आपलं नाव पुसलं, सरांचं आडनाव लावलं आणि बटण दाबलं. या वेळी लगेच गेला.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेत शिरली तेव्हा जीव मुठीत होता. लोक तोंड फिरवतील, टोमणे मारतील, सगळ्याला तिने मनाची तयारी केली होती. मिशा खुर्चीवरून उठून उभा राहिला. डोळ्यांत पाणी.

"वाचला मी पेपर," तो म्हणाला. "काय माणूस आहे हो! सर म्हणजे सर! स्वतःची चूक स्वतःच्या सुनेकडून काढून घेतली! कोण करतं असं आजकाल? संचालक म्हणत होते, समारंभ आता दुप्पट मोठा करायचा."

"मिशा, मी एकटीने..." तिने सुरुवात केली.

"अहो हो, कष्ट तुमचेच. पण संस्कार कुणाचे?"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. मिशाने धावत येऊन ती उचलून दिली.

पुढच्या सकाळी चहा न्यायचा होताच. सर खिडकीशी होते. ताप उतरल्यापासून रंग सुधारला होता, भूक लागत होती. डॉक्टर म्हणाले होते, अशी काळजी घेतलीत तर चार-पाच वर्षं कुठे जात नाहीत.

"छापलंस म्हणे," ते म्हणाले. "वाचून दाखव."

"गोषवारा वाचू?"

"तो मला ठाऊक आहे. नाव वाच."

तिने स्वतःचं नाव वाचलं.

"पूर्ण वाच."

तिने आडनावासकट वाचलं. नळीतून हवा यायची तेवढा आवाज. मग त्यांनी समाधानाने मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

"म्हणजे घरातच राहिलं," सर म्हणाले.

तिला वाटलं, कप उचलावा आणि समोरच्या भिंतीवर फोडावा. तिने तो उचललासुद्धा. चहावर साय धरली होती.

"गार झाला हा," सूनबाई म्हणाली. "थांबा, दुसरा करून आणते."